आखूड दस्ता

गुरुवारी संध्याकाळी महादेव मेस्त्री कामावरून आला तो काखेत घोंगडीचं गाठोडं मारून. आल्या आल्या त्यानं दाराची कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला आणि गाठोडं पलंगावर अलगद ठेवलं. मंदा तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात ताटातच थांबला.

"काय आणलंत?"

"लाकूड."

"लाकूड तर रोज बघता. घोंगडीत गुंडाळून आणलंत, त्याला काय थंडी वाजते?"

महादेव पलंगाशी वाकला. त्यानं घोंगडी सोडली. आत बंदुकीचा दस्ता होता. नळी नाही, चाप नाही, नुसतं लाकूड. अक्रोडाचं, जुनं, जागोजागी टोले पडलेलं. जिथं बंदूकवाल्याचा गाल टेकतो तिथं घामानं काळंभोर झालेलं.

"अगो बाई! बंदूक आणलीत घरात?"

"बंदूक नाय गो. नुसता दस्ता."

"बैलाचं नुसतं शिंग घरात सापडलं तरी गाव बैलचोर म्हणतो. कुणी दिलंन?"

"यासिरनं."

यासिर म्हणजे कुवेतमधल्या मीना अब्दुल्लातल्या त्याच्या कारखान्याचा मंदूब. मालकाची सरकारी कागदपत्रं घेऊन कचेऱ्यांतून फिरणारा इजिप्तचा माणूस. कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कधी संपतो, कुणाचा वाढवायचा, कुणाचा अडकवायचा, हे त्याच्या बॅगेत. महादेवचा इकामा पुढच्या महिन्यात संपत होता. तेव्हा यासिरनं दिलेलं काम नाकारायचं कसं, हा प्रश्न मंदानं विचारला नाही आणि महादेवनं त्याचं उत्तर दिलं नाही.

महबुल्यात तीन खोल्यांच्या जागेतली एक खोली त्यांची. अकरा वर्षं झाली. तो खोकी आणि दारं बनवायचा, ती जाब्रियात कातडीच्या डॉक्टरणीकडे लादी पुसायची, चहा करायची, सुई टोचताना पेशंटचा हात धरायची. दोघांचे कागद वेगवेगळे. पण एकाचा कागद फाटला की दुसऱ्याचा संसार फाटला, हे दोघांना ठाऊक. लेक स्पृहा रत्नागिरीत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं शिक्षण या खोलीच्या चार भिंतींवर उभं होतं.

"काय करायचंय ह्याचं?"

"पाठीमागून दोन बोटं कापायचा. गालाकडचा उंचवटा उतरवायचा. मूठ बारीक करायची. मग घासून तेल. बुधवारपर्यंत." महादेवनं आवाज आणखी खाली आणला. "आणि कारखान्यात नाय करायचा. सर्री, म्हणालान. सर्री म्हणजे कुणाला कळता कामा नये."

"कुणाची हाय?"

"विचारलं मी. म्हटलं, ज्याच्या खांद्याला लावायची त्याचा खांदा दाखव. बैलाची मान बघितल्याबिगर आमच्यात जू तासत नायत. तर हसलान. म्हणालान, तू आखूड कर, बस."

मंदानं तांदळातला खडा काढला आणि बराच वेळ बोटात धरून ठेवला. "आखूड बंदूक कुणाला लागते?"

"कुणाला?"

"लपवणाऱ्याला."

त्या रात्री दोघंही कूस बदलत राहिली आणि दोघांनीही झोपल्याचं सोंग केलं.

शुक्रवारी सुट्टी. बाहेर समुद्राकडून गार, ओला वारा सुटलेला. महादेवनं पलंग भिंतीला सरकवला, खाली पुठ्ठा पसरला, हत्यारांना हात लावून कपाळाला नेला आणि कामाला बसला. आधी फुटक्या काचेच्या कडेनं जुनं पॉलिश खरवडलं. तपकिरी भुसा पुठ्ठ्यावर पडू लागला. मग पेन्सिलनं रेघ मारली, कापड गुंडाळून दस्ता मांड्यांत धरला आणि बारीक दातांची करवत लावली. मंदानं मोबाइलवर बुवांचं कीर्तन लावलं. एरवी ती ते भाकऱ्या थापताना ऐकायची. आज आवाज मोठा ठेवला, करवत शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तिकडे बुवा टाळाच्या ठेक्यावर सांगत होते, संशय हा घरात शिरलेला धूर, तो आग कुठं आहे ते दिसू देत नाही, डोळे मात्र झोंबवतो. आणि इकडे दोन बोटं लाकूड टप्पकन पुठ्ठ्यावर पडलं. मंदानं ते उचलून पिशवीत घातलं, पिशवीला दुसरी पिशवी घातली आणि वर भाजीची देठं टाकली.

कापलेल्या तोंडाचा रंग पिवळट निघाला. महादेवनं मागची लोखंडी पट्टी पुन्हा बसवली. जुनी भोकं अक्रोडाच्याच खुंट्या ठोकून बुजवली, नवी पाडली. पटाशीनं उंचवटा उतरवला. मग खरबरी कानस, मग बारीक कानस, मग अंगठा. दर चार हातांनंतर तो डोळे मिटून अंगठा फिरवायचा.

"मूठ लय बारीक करायला सांगितलीन," तो पुटपुटला. "माझ्या हातात खेळण्यासारखी वाटते."

"पोराच्या हातात देणार असतील."

"असं अभद्र बोलू नको."

"मी बोलले नाय तरी जे व्हायचंय ते व्हायचंच. इस्त्री तापवू?"

टोले उठवायचं काम मंदाचं. ओलं फडकं टोल्यावर ठेवायचं आणि वरून इस्त्री दाबायची. वाफ लाकडात शिरते आणि दबलेलं लाकूड फुगून वर येतं. चुर्र आवाज व्हायचा आणि खोलीभर जुन्या घामाचा, धुराचा, मेंढरांच्या लोकरीसारखा वास पसरायचा. मंदानं नाक मुरडलं. डॉक्टरणीच्या पांढऱ्या कोटावर हीच इस्त्री उद्या फिरणार होती. सात टोले उठले. आठवा खोल होता, तो तसाच राहिला.

शनिवारी, रविवारी कामावरून आल्यावर घासपेपर चालला. पाणी फिरवलं की लाकडावर बारीक लव उभी राहायची. वाळली की घासायची, पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळी लव उठली नाही. दस्ता बाळाच्या पाठीसारखा झाला. रविवारीच त्यानं जवसाचं तेल लावलं. पण हवा ओली, दिवस गारठ्याचे. मंगळवारी संध्याकाळीही बोट लावलं की चिकटायचं, आणि कापलेली बाजू उजळच राहिली होती. पाहताक्षणी कुणीही म्हणेल, इथं कापलंय.

मग त्यानं खिशातून औषधाची एक जुनी बाटली काढली. आत काळं दाट तेल.

"ह्ये कुठलं?" मंदा जवळ आली. वास आला आणि तिची बोटं आपोआप मुठीत गेली. लग्नाआधी नऊ वर्षं तिनं काजूच्या कारखान्यात बी फोडली होती. बोटांच्या बेचक्यांत अजून पांढरे डाग होते. "काजूच्या टरफलाचं हाय!"

"आपल्या कोकणातल्या अकबरभायनं दिलंन. फहाहीलला होड्यांना लावतो ना तो, त्यातलं. लाँचीवरच्या खलाशाकडून घेतलेलं. आपल्याकडं चौकटीच्या पायाला लावतात तसं. एका हातात रंग काळा होतो."

"भाजलेल्या बीचं का कच्च्या? कच्चं तेल कातडी जाळतं."

"भाजलेलं, म्हणालान."

"म्हणालान, का बघितलान?"

"अगो, होडेकर हाय तो! सात पिढ्या होड्या बांधतायत. त्याला तू शिकवणार?"

 मंदानं क्लिनिकमधले रबरी हातमोजे काढून दिले तेवढंच. फडक्यानं तेल फिरलं आणि खरंच, कापलेलं तोंड बघता बघता जुन्या लाकडात मिसळून गेलं. गालाच्या जागेवर त्यानं दोन हात जास्त दिले. बुधवारी संध्याकाळी यासिरची गाडी खाली आली. मंदानं जिन्यातून पाहिलं. त्यानं घोंगडीत बोट घालून चाचपलं, इकडे तिकडे बघितलं, गाठोडं मागच्या सीटखाली सारलं आणि महादेवच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. नाव नाही, गाव नाही.

गुरुवारी जेवताना मंदाची नजर महादेवच्या मनगटावर गेली. हातमोजा जिथं संपतो तिथं बांगडीसारखी लाल कड उठली होती. कडेवर बारीक पाण्याचे फोड.

"इकडं करा हात." तिनं हात दिव्याखाली धरला. "उतलंय ह्ये. कच्चं होतं तेल."

महादेव घास तसाच ठेवून मनगटाकडे बघत राहिला. नुसत्या मनगटाला पुसटसं लागलं तर हे. ज्यानं त्या दस्त्यावर गाल टेकला असेल, त्याचं काय?

"यासिरला फोन करा. सांगा, हात लावू नका म्हणून."

"आणि काय सांगू? बंदुकीला इख लावलं म्हणून? फोनात सगळं राहतं. उद्या पोलिसांनी काढलं तर?"

मंदानंच लावला. पलीकडून यासिरचाच आवाज आला. तिनं "महादेव नज्जार का घर से", म्हणजे सुताराच्या घरून, असं म्हणताच तो म्हणाला, "राँग नंबर," आणि फोन बंद. पुन्हा लावला तर लागेचना.

"बघितलंस?" महादेव कुजबुजला. "साव माणूस असं करील?" मग उठला, दोनदा खोलीत फेऱ्या मारल्या आणि अचानक थांबला. "अकबरनं मुद्दाम दिलंन."

"काय बोलता?"

"त्याचा भाचा आमिर इथं यायचा हाय. सुतारकाम शिकलाय. माझी जागा रिकामी झाली की झालं. यासिरला ह्या कामासाठी माझं नावही त्यानंच सुचवलं असणार."

मंदाला आधी हसू आलं, आणि मग ते ओठावरच थिजलं. कारण तिलाही ते क्षणभर खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नमाजानंतर अकबर दारात उभा. उंच, वाकलेला, हातात सुरमईची पिशवी. दर महिन्याला आणायचा. बदल्यात मंदाच्या डब्यातून त्याला आमटी, उकड्या तांदळाचा भात जायचा. महादेव दार अडवून उभा राहिला.

"मेस्त्री, आत घेवचा नाय काय?"

"तेल कच्चं होतं."

अकबरला कळायला वेळ लागला. मग महादेवचं मनगट दिसलं. "या अल्ला. त्या खलाशान मना सांगलान भाजलेला म्हणून…"

"त्यानं तुला सांगितलंन, तू मला सांगितलंस. आमिरला कधी आणतोयस?"

"आमिरचा काय मध्येच?" अकबरनं दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. "मेस्त्री. तू माज्यावर शक घेतंस?"

महादेवनं दार लोटलं. पिशवी बाहेर उंबऱ्याशीच राहिली. तासाभरानं मंदानं ती आत घेतली, पण सुरमई कापायला तिचा हात धजेना. ती तशीच बर्फात पडून राहिली.

रविवारी सकाळी ती जाब्रियात लादी पुसत होती. गेल्या तीन दिवसांत महादेवनं बॅग दोनदा भरली होती आणि दोनदा सोडली होती. डॉक्टर ज्ञानदांनी आतून हाक मारली, "मंदाताई, जरा इकडे या. आजींना धरा."

काळ्या पायघोळ अबायातली एक म्हातारी खुर्चीत बसली होती. ठेंगणी, हाडकुळी, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. डॉक्टरणीनं तिच्या तोंडावरचा पडदा वर केला. उजवा गाल टरारून सुजलेला, डोळा मिटलेला, आणि गालफडावरून खाली बोटभर रुंदीचा फोडांचा पट्टा. उजव्या हाताच्या बेचक्यातही फोड. आणि दाराशी म्हातारीची पर्स धरून उभा होता यासिर.

मंदानं त्याला ओळखलं. यासिर तिला ओळखत नव्हता. त्यानं बघितलंही नाही.

"एकाच बाजूला पट्टा आहे," डॉक्टर ज्ञानदा तिच्याशी मराठीत बोलत होत्या, आपल्याशीच बोलल्यासारख्या. "नागीण वाटते. डोळ्याजवळ गेलीये, औषध चालू करायला हवं लगेच. हाताचं मात्र समजत नाही."

मंदा म्हातारीचा खांदा धरून उभी होती. अबायाखाली तो खांदा तिच्या मुठीत मावत होता. एवढुसा. हात आखूड. तिला सगळं एकदम दिसलं आणि काहीच कळलं नाही. हिला बंदूक कशाला? का हीही कुणाच्या सांगण्यावरून? तोंड उघडलं तर महादेव आत. नाही उघडलं तर नागिणीची गोळी घेऊन ही घरी जाणार, पुन्हा त्याच लाकडावर तोच गाल टेकणार. डोळा वाचायचा नाही.

तिनं मनातल्या मनात देवाला सांगितलं, बघ बाबा, मी बोलते, पुढचं तुझं.

"डॉक्टरबाई, नागीण नाय ही."

"म्हणजे?"

"काजू उतलाय. कच्च्या बीच्या टरफलाचं तेल." तिनं आपली बोटं पसरून पांढरे डाग दाखवले. "नऊ वर्षं फोडल्येत मी बिया. डोळे झाकून सांगीन."

डॉक्टर ज्ञानदांनी चष्मा वर केला. "अहो, कुवेतमध्ये काजूच्या टरफलाचं तेल कुठून येणार?"

मंदानं यासिरकडे एकदा पाहिलं. "माझ्या नवऱ्यानं… लाकडाला लावलंन. सुतार, नज्जार हाय तो. त्या लाकडाला ह्यांनी परत हात लावू नये. गाल तर नायच नाय."

"कुठलं लाकूड?"

काजू आणि नज्जार एवढं यासिरला कळलं असावं, किंवा तिचा चेहरा. तो दारातून एक पाऊल आत आला. म्हातारीनं हात वर केला आणि तो थांबला. तिनं एका उघड्या डोळ्यानं मंदाला खालून वर बघितलं. मग जुन्या दुकानदारांकडून शिकलेल्या हिंदीत विचारलं, "ये औरत क्या बोलता?"

डॉक्टरणीनं अर्धं अरबीत, अर्धं हिंदीत सांगितलं.  म्हातारीचा डोळा मंदावरून हलेना.

"बाब," ती शेवटी म्हणाली. "बाब जदीद. नया दरवाजा. इसका आदमी बनाया."

"दरवाज्याला गाल कसा लागला आजी?" डॉक्टरणीनं विचारलं.

"कान लगाया. लड़का लोग अंदर क्या बोलता, सुनना था."

डॉक्टर ज्ञानदा खळखळून हसल्या आणि कागदावर लिहायला लागल्या. औषध बदललं, गार पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या. म्हातारीनं यासिरला औषधाच्या दुकानात पिटाळलं. पट्ट्या ठेवायला मंदा एकटी उरली.

दुसऱ्या पट्टीला म्हातारीनं तिचं मनगट घट्ट धरलं. "तुम पुलिस को बोलेगा?"

 दहा दिवस जिच्या बंदुकीच्या भीतीनं त्यांना अन्नपाणी गोड लागलं नव्हतं, ती मंदाला भीत होती!

"मैं? नाय वो. मैं क्यों बोलेगी?"

मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. वाळवंटात कबदला तिचा मेंढरांचा वाडा. साठ मेंढ्या. नवरा दोन वर्षं अंथरुणात, एक अंग गेलेलं. बंदूक त्याच्या बापाची, परवान्याचा कागद आहे, कपाटात आहे. मेंढ्या व्यायच्या दिवसांत वाळवंटातली कुत्री टोळीनं येतात. सहा कोकरं फाडली. मुलगे म्हणतात, मेंढ्या विकून टाक, तुझं वय झालं. नवऱ्याची बंदूक खांद्याला लावली तर हात चापापर्यंत पुरेना. म्हणून मुलाच्याच कारखान्यातल्या यासिरला, कुणाला सांगू नको, अशी शपथ घातली.

"लड़का लोग को मालूम हुआ तो बंदूक भी गया, गनम भी गया." मेंढरांना ती गनम म्हणत होती. तिनं सुजल्या तोंडानं हसायचा प्रयत्न केला. "लेकिन अच्छा बनाया. बहुत अच्छा. दो कुत्ता मारा."

मंदानं पट्टी बदलली. वाडग्यातलं पाणी पिवळसर झालं होतं. "मेरा आदमी शुक्रवार को आएगा. सब तेल निकालेगा, धोएगा. तब तक हाथ नहीं लगाना."

"आज. कुत्ता शुक्रवार देख के नहीं आता."

मंदानं कोपऱ्यात जाऊन फोन लावला. महादेवनं पहिल्याच घंटीला उचलला. तिनं सांगितलं ते सगळं त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोलीस बसलेत काय गो तुझ्याजवळ? हो म्हणायचं असेल तर नुसती खाकर."

"अवो, मेंढरांवाली म्हातारी बसलेय! माझ्यापेक्षा घाबरलेली. यासिर कारखान्यावर गाडी घेऊन येईल, कबदला जायचंय. टर्पेंटाइन घ्या, काच घ्या, हातमोजे मी पाठवते. आणि अकबरभायला संगती घ्या."

"तो कशाला?"

"तेल तुम्हांला लावता आलं. काढायला होडेकरच लागतो. आणि माफी मागायला तर तुम्हीच लागता."

पलीकडे कारखान्यातली करवत सुरू झाली, थांबली. 

"मंदा," महादेव म्हणाला, "कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्याकडं?"

"दुसरं कुठून आणणार? जे हाय त्येच घेऊन जा," ती म्हणाली, आणि तिसरी पट्टी पिळायला वळली.